‘तीच गोळी आता लागू का पडत नाही?’ : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही अँटिबायोटिकबद्दलचे प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. त्यातली पाच निवडली आहेत आणि काही ठिकाणी सारख्या शंका एकत्र केल्या आहेत. एक गोष्ट आधीच सांगते. मी रुग्ण तपासत नाही, रुग्णांच्या शरीरातून आलेले जंतू तपासते. सोलापुरातल्या प्रयोगशाळेत कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवलेल्या प्लेटा वाचण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे कुणी कोणती गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. ती गोळी पोटात गेल्यावर जंतूंचं काय होतं, ते मात्र मी जवळून पाहिलं आहे.

मी निवृत्त शिक्षक आहे, वय ७१. घसा धरून ताप आला की ओळखीच्या मेडिकलमधून अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या आणतो. पूर्वी दोन दिवसांत मोकळं वाटायचं, हल्ली फरकच पडत नाही. माझ्या शरीराला औषधाची सवय झाली का? जास्त पॉवरची गोळी घ्यावी का? (सातारा)

सर, सवय तुमच्या शरीराला झालेली नाही. अँटिबायोटिकचं काम आपल्या पेशींवर नसतंच, ते असतं जिवाणूंवर. त्यांच्यात जे आहे आणि आपल्यात नाही, नेमकं तिथेच ते घाव घालतं.

पेनिसिलिनचंच बघा. जिवाणूभोवती एक चिवट जाळीदार भिंत असते आणि आतून द्रवाचा मोठा दाब असतो. वाढताना जिवाणू या जाळीचे धागे थोडे थोडे तोडतो आणि नवे धागे आडवे सांधत जातो. सांधण्याचं काम ज्या एन्झाइमचं, त्यालाच पेनिसिलिन जाऊन घट्ट चिकटतं. तोडणं चालू राहतं, सांधणं थांबतं. मग टायर फाटला की सायकलच्या ट्यूबला जसा फुगा येतो आणि ती फुटते, तसा जिवाणू कमकुवत जागी फुगतो आणि फुटतो. आपल्या पेशींना ही भिंतच नाही, म्हणून पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर त्याची मोठी मात्राही माणसाला सोसते. तुमचं अझिथ्रोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं तयार होतात त्या जागेवर बसतं. आपल्या पेशीतल्या रायबोसोमची घडण वेगळी असल्यामुळे तिथे ते बसत नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिन जिवाणूच्या डीएनएचा पीळ सोडवणारं एन्झाइम अडवतं. सल्फाची औषधं त्याला फोलेट हे जीवनसत्त्व बनवू देत नाहीत. आपण फोलेट पालेभाज्यांतून मिळवतो, त्याला ते स्वतःच बनवावं लागतं.

आता तुमचा घसा. मोठ्या माणसाचा घसा धरतो तेव्हा बहुतेक वेळा कारण विषाणू असतो. विषाणूला भिंत नाही, स्वतःचा रायबोसोम नाही. म्हणजे अझिथ्रोमायसिनने घाव घालावा अशी जागाच तिथे नाही. पूर्वी दोन दिवसांत बरं वाटायचं, ते आजार आपल्या चालीने उतरत होता म्हणून. त्यामुळे जास्त पॉवरच्या गोळीचा प्रश्नच येत नाही. ताप तीन दिवसांपुढे गेला, घास गिळता येईना किंवा धाप लागली, तर डॉक्टरांकडे जा.

मग त्या गोळ्यांनी केलं काय? घशातल्या विषाणूला धक्का लागला नाही, पण तुमच्या आतड्यात, नाकात, त्वचेवर कोट्यवधी जिवाणू राहतात. तिथे औषध पोचलं. अझिथ्रोमायसिन तर शेवटच्या गोळीनंतरही बरेच दिवस शरीरात रेंगाळतं आणि त्याची पातळी हळूहळू उतरत जाते. त्या दिवसांत औषधाला बळी पडणारे मरतात आणि जे मुळातच टिकाव धरणारे होते, त्यांना मोकळी जागा मिळते.

‘मुळातच’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. औषध बघून जिवाणू टिकाव धरायला शिकतो, असं पुष्कळांना वाटतं. ते तसं नाही, हे एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या अमेरिकन दांपत्याने १९५२ साली एका मखमलीच्या तुकड्याने दाखवून दिलं. औषध नसलेल्या प्लेटवर त्यांनी जिवाणू वाढवले. ती प्लेट मखमलीवर अलगद दाबली. लव उभी असते, प्रत्येक वसाहतीतले थोडे जिवाणू तिला चिकटले, जागा न बदलता. मग तीच मखमल स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या प्लेटांवर एकामागून एक दाबली. प्रत्येक प्लेटवर ठरावीक त्याच जागी जिवाणू उगवले. त्यांनी मूळ प्लेटवर, जिला औषधाचा स्पर्शही झाला नव्हता, त्याच जागेवरचे जिवाणू उचलले. तेही स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनात. वेगळेपण आधीच होतं, औषधाने फक्त बाकीच्यांना बाजूला केलं. विद्यार्थ्यांना शिकवताना या प्रयोगापाशी मी नेहमी थांबायचे, कारण एवढं साधं आणि एवढं पक्कं उत्तर विज्ञानात क्वचित मिळतं.

आणि हे वेगळेपण फार जुनं आहे. पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोचण्याआधीच, १९४० मध्ये, ऑक्सफर्डच्या अब्राहम आणि चेन यांना ई. कोलाय जिवाणूत पेनिसिलिन मोडून टाकणारं एन्झाइम सापडलं होतं. कॅनडाच्या युकॉन भागात ३०,००० वर्षं गोठलेल्या मातीतही औषधं निकामी करणारी जनुकं मिळाली आहेत. त्यात नवल नाही, कारण बहुतेक अँटिबायोटिक मुळात मातीतल्या बुरशांनी आणि जिवाणूंनीच बनवलेली आहेत. आपण ही औषधं वापरू लागल्यावर फरक पडला तो निवडीच्या वेगात. त्यात जिवाणू अशी जनुकं प्लाझमिड नावाच्या छोट्या डीएनएच्या कड्यांवर घेऊन शेजारच्या, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात. सर, तुमच्या आतड्यात निवडले गेलेले जिवाणू तुमच्यापुरते राहत नाहीत. एका घरात, एका संडासात, एका स्वयंपाकघरात वावरणाऱ्या माणसांचे जिवाणू एकमेकांकडे जातच असतात.

सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. लघवीला जळजळ आणि ताप होता. कल्चरचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला : ‘ई. कोलाय, ईएसबीएल पॉझिटिव्ह’. औषधांच्या यादीत बहुतेकांपुढे ‘आर’ आहे. एवढा वेळ का लागतो? ईएसबीएल म्हणजे काय? घरात दोन वर्षांचं मूल आहे, त्यांना वेगळं ठेवायचं का? (नाशिक)

ताई, आधी शेवटचं. सासूबाईंना वेगळं ठेवू नका. त्यांना आणि बाळाला एकमेकांची गरज आहे. संडासातून आल्यावर, लंगोट बदलल्यावर आणि स्वयंपाकाआधी सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे, एवढं पुरे.

आता तीन दिवसांचा हिशोब. नमुना आला की आम्ही एका बारीक तारेच्या कडीने, तिला आम्ही लूप म्हणतो, लघवी उचलतो. त्या कडीत मिलिलिटरचा हजारावा भाग मावतो. ती प्लेटवर ओढायची आणि रात्रभर ३७ अंशांवर इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. सकाळी १०० वसाहती दिसल्या तर एका मिलिलिटरमध्ये एक लाख जिवाणू होते असा हिशोब होतो. मॅकॉन्की नावाच्या माध्यमावर ई. कोलाय सपाट, कोरड्या, गडद गुलाबी वसाहती करतो. क्लेब्सिएला हा दुसरा जिवाणू असेल तर त्या शेंबडासारख्या बुळबुळीत दिसतात आणि लूप वर उचलला की तार सुटते. एक दिवस इथेच जातो. मग त्यातली एक वसाहत घेऊन दुसऱ्या प्लेटवर सगळीकडे सारखी पसरायची आणि वर औषध मुरवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवायच्या. पुन्हा एक रात्र. जे औषध लागू पडतं, त्याच्या चकतीभोवती जिवाणू उगवत नाहीत, स्वच्छ वर्तुळ दिसतं. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि तक्त्याशी ताडून ‘एस’ (लागू पडतं), ‘आय’ (मधलं) किंवा ‘आर’ (लागू पडत नाही) लिहायचं. जिवाणू चकतीच्या कडेपर्यंत उगवले असतील तर आम्ही ‘६’ नोंदवतो. तो नुसत्या चकतीचा व्यास.

मी कामाला लागले तेव्हा सिप्रोफ्लॉक्सॅसिन नवं होतं. ई. कोलायच्या प्लेटवर त्याचं वर्तुळ एवढं मोठं यायचं, की शेजारच्या चकतीच्या वर्तुळात मिसळायचं आणि चकत्या लांब लांब ठेवाव्या लागायच्या. पुढे ती वर्तुळं माझ्या डोळ्यांदेखत आखडत गेली आणि वहीत सिप्रोच्या रकान्यात ‘६’ हा आकडा नेहमीचा झाला. मला याचं फार वाईट वाटतं. तो आकडा लिहिताना त्या रुग्णाच्या डॉक्टरच्या हातातून एक साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी गेली, हे माहीत असतं.

ईएसबीएल हे औषध मोडणाऱ्या एन्झाइमच्या एका कुळाचं नाव. जुनं पेनिसिलिनेज फक्त पेनिसिलिनच्या जवळची औषधं मोडायचं. हे सेफोटॅक्झिम, सेफ्टाझिडाइम यांसारखी पुढच्या पिढीची औषधंही मोडतं. आम्ही ते असं ओळखतो : एक चकती नुसत्या सेफ्टाझिडाइमची, दुसरी त्यातच क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल घातलेली. हे आम्ल त्या एन्झाइमला गुंतवून ठेवतं. दुसऱ्या चकतीचं वर्तुळ पहिलीपेक्षा ५ मिलिमीटर किंवा जास्त मोठं आलं, की ईएसबीएल पॉझिटिव्ह.

रिपोर्टमध्ये ‘एस’ असलेली औषधं किती उरली ते मोजून घाबरू नका. नुसत्या मूत्राशयाच्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन यांसारखी जुनी तोंडाने घ्यायची औषधं ईएसबीएल असूनही पुष्कळदा चालतात. सासूबाईंना ताप आहे, म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला आहे का हे डॉक्टरांना बघावं लागेल. तसं असेल तर ती दोन औषधं पुरत नाहीत, इंजेक्शनं लागू शकतात. आणखी एक सांगते, कारण इथे फार गोंधळ होतो. या वयाच्या बायकांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जिवाणू सापडतात. जळजळ नाही, ताप नाही, तर केवळ रिपोर्टमध्ये जंतू आले म्हणून सहसा औषध द्यायचं नसतं. बऱ्या झाल्यावर ‘एकदा खात्री करून घेऊ’ म्हणून पुन्हा कल्चर करू नका.

मुलाला टायफॉइड झाला. माझ्या लहानपणी गोळ्यांवर बरा व्हायचा, याला मात्र दवाखान्यात ठेवून इंजेक्शनं द्यावी लागली. असं का? (नेरूळ)

टायफॉइडचा इतिहास म्हणजे एकामागून एक हातातून गेलेली औषधं. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आलं आणि हा जीवघेणा आजार कह्यात आला. १९७२ मध्ये केरळात कालिकतला त्याला दाद न देणाऱ्या टायफॉइडची साथ आली. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आलं, नव्वदच्या दशकात तेही ढिलं पडू लागलं. आज आपल्याकडे मुख्य भिस्त आहे सेफ्ट्रिॲक्सोनच्या इंजेक्शनांवर आणि अझिथ्रोमायसिनवर. पाकिस्तानात सिंध प्रांतातल्या हैदराबादमध्ये २०१६ पासून पसरलेल्या टायफॉइडने सेफ्ट्रिॲक्सोनलाही जुमानलं नाही. तिथे तोंडाने घेण्यासारखं भरवशाचं औषध उरलं ते अझिथ्रोमायसिनच. साताऱ्याच्या सरांचं पत्र मी याच अंकात का घेतलं, ते तुमच्या लक्षात येईल. घसा खवखवल्यावर मेडिकलमधून जी गोळी आणली जाते, तीच टायफॉइडच्या मुलासाठी राखून ठेवायला हवी.

पुढे कधी टायफॉइडची शंका आली तर पहिली गोळी देण्याआधी रक्ताचं कल्चर पाठवायला सांगा. औषध पोटात गेल्यावर नमुन्यात जिवाणू सापडणं अवघड होतं. नुसत्या विडाल या रक्तचाचणीवर टायफॉइड ठरवला जातो तेव्हा चूक होण्याची शक्यता मोठी असते.

तुमच्याच शहराबद्दलची एक गोष्ट मला इथे आवर्जून लिहायची आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये टायफॉइडच्या नव्या संयुक्त लसीची मोहीम घेतली आणि एक लाखाहून जास्त मुलांना ती टोचली. सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेत ही लस अशी देण्याचं काम जगात पहिल्यांदा तिथे झालं. जो आजार झालाच नाही, त्याला अँटिबायोटिक लागत नाही. शुद्ध पाणी आणि लस यांच्याइतकं माझ्या क्षेत्राला उपयोगी दुसरं काही नाही, असं माझं ठाम मत आहे.

‘कोर्स पूर्ण करा, नाहीतर जंतू निर्ढावतात’ हे लहानपणापासून ऐकलं. आता वाचतो की लांब कोर्सनेच नुकसान होतं. खरं काय? आणि गोळी दुधाबरोबर घेतली तर चालते का? (पुणे)

दोन्हीत तथ्य आहे, पण आजार कोणता त्यावर ते अवलंबून आहे.

क्षयाला पूर्ण कोर्स हवाच हवा, त्यात तडजोड नाही. क्षयाचा जिवाणू फार संथ. ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो, याला साधारण २० तास लागतात, आणि काही तर नुसते सुस्त पडून राहतात. त्यात आयसोनियाझिड या क्षयाच्या औषधाला न जुमानणारा जिवाणू साधारण दहा लाखांत एक असतो, रिफॅम्पिसिन या दुसऱ्या औषधाला न जुमानणारा दहा कोटींत एक. फुप्फुसातल्या पोकळीत कोट्यवधी जिवाणू असतात, म्हणजे एकच औषध दिलं तर टिकून राहणारा कुणीतरी तिथे असणारच. दोन्हीला न जुमानणारा मिळण्याची शक्यता मात्र नगण्य. म्हणून सुरुवातीला चार औषधं एकत्र आणि एकूण सहा महिने उपचार. मध्ये सोडलं, किंवा एकेक औषध सुटं घेतलं, की जुमानत नसलेले एकेक करून वर येतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०११ च्या अखेरीस चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांच्या क्षयावर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. त्या रुग्णांना आधी मिळालेले तुटक, चुकीचे उपचार त्या लेखात नोंदलेले आहेत.

न्यूमोनिया किंवा मूत्राशयाचा साधा संसर्ग यांची गोष्ट वेगळी. तिथे पूर्वीच्या दहा-चौदा दिवसांऐवजी आता बऱ्याचदा पाच दिवसही पुरतात, हे चाचण्यांतून दिसलं आहे. जास्त दिवस म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंवर जास्त दिवस दाब. उलट स्ट्रेप्टोकोकस जिवाणूने घसा आला असेल तर पेनिसिलिन दहा दिवस घ्यावं लागतं, कारण तिथे प्रश्न घशाचा नसून पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होण्याचा असतो. तेव्हा स्वतः ठरवून थांबू नका. पण ‘हे किती दिवस आणि कमी दिवस चालतील का?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

दूध, दही, ताक : सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि टेट्रासायक्लिन यांच्याबरोबर नको. कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते रक्तात नीट उतरत नाही. दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. अमॉक्सिसिलिनला अडचण नाही.

माझी चार एकर डाळिंबाची बाग आहे. तेल्यासाठी कॉपरबरोबर स्ट्रेप्टोसायक्लिन मारतो. पूर्वी रोग थांबायचा, आता थांबत नाही. दुकानदार म्हणतो डबल डोस घ्या. माझ्या वडिलांना टीबीत स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं दिली होती. हे तेच औषध आहे का? (सांगोला)

हो दादा, तेच. पुडीत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन असतं. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट शॅट्झ यांना वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. क्षयावर चाललेलं ते पहिलं अँटिबायोटिक. एकट्याने दिलं तेव्हा काही महिन्यांतच पुष्कळ रुग्णांचे जिवाणू त्याला जुमानेनासे झाले, हे १९४८ च्या ब्रिटिश चाचणीतच दिसलं होतं. तुमच्या वडिलांना त्याबरोबर आणखी औषधं दिली असतील, ती याचसाठी.

तेल्याही जिवाणूचाच रोग, झँथोमोनास नावाच्या. माझ्या प्लेटवर घडतं तेच तुमच्या बागेत घडतं, फक्त चार एकरांवर. कॅलिफोर्नियातल्या नाशपातीच्या बागांत स्ट्रेप्टोमायसिन फवारून फवारून १९७१ मध्ये ते निकामी झाल्याचं नोंदलं गेलं. स्ट्रेप्टोमायसिन निकामी करणारी जनुकांची एक जोडी फळझाडांच्या जिवाणूंतही सापडते आणि माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंतही. म्हणजे पानांवर जे निवडलं जातं, त्याचा संबंध दवाखान्याशी असू शकतो. फवारणीचं पाणी मातीत जातं, ओढ्यात जातं, फवारणाऱ्या माणसाच्या हातापायांवर पडतं.

तेल्याने बाग गेली की घरावर काय ओढवतं, ते सोलापूर जिल्ह्यात राहून मी पाहिलं आहे. त्यामुळे ‘पुडी टाकून द्या’ एवढंच सांगून मी मोकळी होणार नाही. डबल डोस मात्र नक्की नको. जे जिवाणू आता उरलेत ते या औषधाला न जुमानणारेच असतील, तर मात्रा दुप्पट करून फक्त खर्च दुप्पट होईल. तेल्याला पाऊस आणि वारा लागतो, थेंबांबरोबर तो झाडावरून झाडावर उडतो. म्हणून मृग बहर सोडून हस्त बहर धरला तर फळ कोरड्या हवेत वाढतं आणि रोगाचा जोर कमी होतो. बागेला पुरेशी विश्रांती द्या. डाग पडलेली पानं, फांद्या, फळं बांधावर टाकू नका, गोळा करून जाळा. छाटणीची कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना दर वेळी सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा. छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) फवारा. नवी लागवड करायची असेल तर रोगट बागेतली गुटी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. आणि सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. पुढची फवारणी करण्याआधी डाग पडलेली पानं आणि एखादं फळ बंद पिशवीत घालून तिथे दाखवा.